चौथं पान

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाळेचं प्रगतिपुस्तक मिळतं का बघा,
हे असं एकाएकी चाळिशीत उगवत नाही.
म्हणून रविवारी खारदांड्याला गेले.
आईने पत्र्याच्या पेटीतून, जुन्या लाइटबिलांखालून काढून दिलं:
कु. चित्रलेखा तांडेल, चौथी, तुकडी ब.
शेरा: हुशार आहे. खिडकीबाहेर पाहते.
पाचवीला: हुशार आहे, पण
आणि पुढची शाई विरलेली.

आई सुरमई कापता कापता हसली.
"माजा पन आसाच हाय.
पन मना कोनी खुर्चीवर बसवला नाय."
खरंच की. टोपलीपुढे सहा गिऱ्हाइकं, सहा भाव,
मांजर, शेजारणीचं भांडण, समोरच्या बाईची नवी नथ,
तिचं चित्त दहा ठिकाणी
आणि दहाही ठिकाणी धंदा.
मी मात्र परीक्षा देऊन पालिकेच्या पाणी खात्यात लागले.
तिथे एकच हिरवी फाइल, एकच टाचणी,
आणि माझ्या डोक्यात भरला बाजार.

परळच्या केमिस्टने चिठ्ठी दोनदा वाचली,
उलटी करून पाहिली, झेरॉक्स ठेवून घेतली.
"मुलासाठी का?"
"नाही."
मागे रांग थांबलेली.
"माझ्यासाठी," मी म्हटलं, हवं त्यापेक्षा जरा मोठ्याने.

पहिल्या दिवशी काही नाही, नुसती जीभ कोरडी.
दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास
पंखा पंख्याच्या जागी गेला.
फिरत होता, पण तिकडे, वर.
कांबळीसाहेबांचा आवाज कांबळीसाहेबांपाशी राहिला.
मी तळातली फाइल ओढली,
चौदा महिने जिला फक्त इकडून तिकडे ठेवत आले होते.
अर्जदार हसन मुकादम, माहीम, खोली अकरा.
चार पानं, रेघ मारल्यासारखं अक्षर.
दुसऱ्या पानापुढे मी कधी गेलेच नव्हते.
चौथ्यावर लिहिलं होतं:
पाणी पहाटे चार दहाला येतं, बारा मिनिटं, करंगळीएवढी धार.
मी गजर लावत नाही, बायको जागी होते.
उठून बसतो. कान लावतो.

मी संडासात जाऊन रडले.
त्यांच्यासाठी थोडं. बरंचसं
त्या बाकीच्या पानांसाठी,
सगळ्या वर्षांतल्या, सगळ्या फायलींतल्या.

तर गुण येतो का, असं बहीण विचारते.
येतो. डबा तसाच परत येतो, हेही सांगते.
दुपारी छातीत कोणीतरी भरभर जिना चढतं.
आणि परवा तीन तास मी अगदी एकाग्र होऊन
कपाटातल्या टाचण्या मापाप्रमाणे लावल्या.
चष्म्यासारखं आहे का हो, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.
त्या म्हणाल्या, चष्मा कुठे बघायचं ते सांगतो का?
मग रक्तदाब मोजला. डोस तोच ठेवला.

मुकादमांना फोन लावला तेव्हा चार वाजून गेले होते.
"अहो, आम्ही मुंब्र्याला आलो, वर्ष झालं.
इथे टाकी आहे. पण फोन केलात, बरं वाटलं."
मी माफी मागणार, तेवढ्यात ते म्हणाले,
"ताई, मग आता तिकडे पाणी येतं का?
खोलीत नवे लोक आले असतील ना."

मला माहीत नव्हतं.
गोळी उतरत होती. पंखा खाली यायला लागला होता,
शिपायाच्या चपला, कोणाचा तरी वाढदिवसाचा केक,
खिडकीबाहेर एक घार चोचीत तारेचा तुकडा घेऊन
जलवाहिनीच्या नकाशाएवढं घरटं बांधत होती,
सकाळपासून बांधत असणार.
मी तिच्याकडे बघत होते
आणि हात फाइलवर लिहीत होता:
माहीम, खोली अकरा.
पहाटे चार दहा. स्वतः जाऊन
पाहणे.