मॅरेडचे कान

पंपावर तीन नळ्या.
काळी डिझेलची, तिच्याशी माझं बोलणं नाही.
पंच्याण्णवची, स्वस्त, दहा टक्के दारू ढोसलेली.
आणि सत्त्याण्णवची, जिच्यासमोर उभा राहून
मी दर शनिवारी खिसा चाचपतो.

गाडीच्या पुस्तिकेत, साल अडुसष्ट,
ग्रीसच्या अंगठ्याखाली अर्धवट झाकलेली ओळ:
चार तारे.
ते तारे केव्हाच विझले. पेट्रोलमधलं शिसं गेलं,
जाताना तो गोडसर वासही घेऊन गेलं.
पोरांच्या रक्तात उतरायचं म्हणतात, तेव्हा बरंच झालं.
मी व्हॉल्व्हखाली कडक पोलादाच्या कड्या बसवल्या
आणि गाडीला म्हटलं, घे, तुलाही कवळी लागली.

सत्त्याण्णव म्हणजे ताकद, असं पबमध्ये छातीठोक सांगतात.
ताकद कसली, सबुरी.
ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत गप्प बसायची तयारी.
उतावळं पेट्रोल कोपऱ्यात आपणहून भडकतं,
पिस्टनच्या टाळक्यात हाणतं,
आणि इंजिन कण्हतं, बारीक, वरच्या पट्टीत.

तो आवाज मला येत नाही.
ब्लायनाऊच्या खाणीत एकतीस वर्षं पाटीचा दगड फोडला.
ड्रिलने वरचे सूर सगळे नेले:
किटलीची शिट्टी, कुरणावरचा चंडोल,
बायको दुसऱ्या खोलीतून बोलायची त्यातलं निम्मं
(हा तोटा मी कधी फारसा मांडला नाही).

म्हणून शेजारची मॅरेड. वय अकरा.
मजुरी एक पुडा चिप्स, व्हिनेगर सढळ.
टाकीत पंच्याण्णव, कंजूसपणा, दुसरं काय.
बूल्ख अ ग्रोइसचा चढ, तिसरा गियर, पाय तळाला,
वाऱ्याने तिचे केस तिच्याच तोंडात.
"आला!"
कसा?
"डब्यात वाटाणे. नाही, थांबा...
खिशात काचेच्या गोट्या घेऊन कुणीतरी जिना उतरतंय."

गाडी मेंढ्यांच्या कडेला घेतली. बॉनेट वर.
डिस्ट्रिब्यूटरला एक चिमुकली चक्री असते,
फिरवली की खटके पडतात, ठिणगी उशिरा येते.
खटकेही मला ऐकू येत नाहीत.
तिने मोजले, ईन, दाय, त्री,
डॉक्टरसारखं डोकं आत घालून.
बाराव्याला थांबलो. पुन्हा चढ.
गोट्या गेल्या.
गाडीचा थोडा जीवही गेला.
पाव पोचवणारी व्हॅन हॉर्न न वाजवता पुढे निघून गेली;
वाजवला असता तरी म्हणा.

रात्री, सवयीने, बोटं फिरवत गेलो
टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत.
शेवटच्या वळणावर रबरी नळी मऊ,
जास्त शिजलेल्या मॅकरोनीसारखी.
दारूने आतून खाल्लेली.
गोट्या निदान वाजून येतात.
ह्याला अकरा वर्षांचे कानही पुरत नाहीत.

नवी नळी, दोन क्लिपा.
शनिवारी सत्त्याण्णवची उचलली,
लिटरमागे अठरा पेन्स जास्त.
"मग चिप्स?" मॅरेड म्हणाली.
अर्धा पुडा.
तिने तोंड वाकडं केलं, बॉनेट स्वतः उघडलं,
आणि बारा खटके उलटे मोजत परत दिले,
एकेक आकडा मोठ्याने,
माझ्याकडे तोंड करून,
मला ओठ दिसतील असे.