हातचे दोन

माझं दुकान कुल्डिगात, नदीच्या वरच्या अंगाला.
उजवीकडे गेलं की लग्नं नोंदवायची कचेरी,
डावीकडे दफनभूमी.
म्हणून गिऱ्हाईक दारात आलं की
मी तोंड बघत नाही, आधी बूट बघते.

मदारा आली ती बहिणीला घेऊन.
बहिणीच्या फोनमध्ये दोनेकशे फोटो:
वाळकं गवत, राखाडी गुलाब,
छतावरून लोंबणारी कसलीशी वेल,
जी आमच्या देशात फक्त विमानातून उतरते.
मी म्हटलं, बाई गं, लग्न जूनमध्ये ना?
जूनमध्ये इथे बांधसुद्धा नटून बसलेला असतो.
बहीण रुसली.
मदारा (नावच एका पिवळ्या रानफुलाचं)
बादल्यांपुढे उभी राहून देठ चाचपत होती,
बाजारात शेंग मोडून बघावी तशी.

मग एकदा नवरदेव आला. गुंटार्स.
लाकडाचा ट्रक चालवतो, दारातून वाकूनच आत.
लिली हुंगली मात्र, सात शिंका.
सातही मी मोजल्या. सवय.
लिलीवर काट मारली.
तो नाक पुसत म्हणाला,
कोटाला बटाट्याचं फूल लावलं तर चालेल?
आईच्या वाफ्यात आहेत,
त्यांच्याकडे कधी कुणी बघत नाही.
मी हसले.
मग लिहून घेतलं.

आमच्याकडे आनंदाला विषम, मातीला सम.
तीन, पाच, सात द्यायचे जिवंतांना,
दोन, चार, सहा न्यायचे निजलेल्यांना.
पोरं हे पाढ्यांच्या आधी शिकतात.
वाढदिवसाला चुकून बारा फुलं दिली
तर आजही म्हातारी माणसं
एक उपसून टेबलावर ठेवतात, काही न बोलता.

तिसऱ्या खेपेला ती एकटी आली.
पिओनीची फुलं ठरली, कडेला निळे कॉर्नफ्लॉवर
जरासे, मोजणीत न धरण्याइतके.
पिओनी पंधरा, मी म्हटलं.
मुठीत मावतील, मनगट भरून येणार नाही.
ती म्हणाली, सतरा.
जड होतील गं.
सतरा, ती पुन्हा म्हणाली,
आणि रिबीन जरा सैल बांधा. सुटेल अशी.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
चार वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी.
ह्याच फळीवर, हातमोजे न काढता,
तिने नाणी मोजली होती, दोनदा सांडली होती.
पांढरी शेवंती, बारा.
रिबिनीवर काय लिहू?
विल्निस.
आणि?
आणि काही नाही.

मी काही विचारलं नाही.
माप घेताना शिंप्याने पोटाबद्दल बोलू नये,
तसंच आहे हे.
वहीत पंधरा लिहिलं,
आणि डोक्यावर, बारीक अक्षरात, हातचे दोन,
शाळेत बेरजेला लिहायचो तसे.
पैसे मी पंधरांचे सांगितले.
तिने पंधरांचे दिले,
मग त्या दोघांचे
वेगळे मोजून ठेवले.

लग्नाच्या दिवशी साडेपाचला उठले.
रात्रभर थंड खोलीत मिटून बसलेले कळे
खिडकीशी आणले, कोमट पाण्यात उभे केले.
पिओनीला घाई केली तर ती पाकळ्या टाकते,
उशीर केला तर मूठ उघडतच नाही.
दोन कळे मी जरा घट्टच ठेवले.
त्यांना उमलायला पुढे वेळ होता.

सातला ती आली. जीन्स, केसांत पिना,
पायात रबरी बूट.
मी बूट बघितले.
गुच्छ दोन्ही हातांत घेतला तिने,
रिबिनीची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली,
मान हलवली.

बाहेर ट्रक उभा होता, इंजिन चालू.
गुंटार्सने वाकून आतून दार उघडलं.
कोटाला बटाट्याचं फूल, आत्ताच मलूल.
मी उंबऱ्यात उभी राहून
डावीकडे वळा म्हणून सांगणार होते,
कचेरी अकराशिवाय उघडत नाही,
वेळ आहे.

दिवा आधीच लुकलुकत होता.
डावा.