वानेटचा हिशेब

मुतलकने खिशातून घडी घातलेला कागद काढला.
वर एकच आकडा, खाली बायकोची सही.
सातशे. त्यावर एक फिल्सही नाही.
पोराच्या लग्नाचा हॉल ठरलाय म्हणे.

शुवैखच्या आमच्या गल्लीत अशी गाडी आली
की शेजारचा पंक्चरवालाही हात पुसत येतो.
बहात्तरची जीएमसी. पिकअपला इथे वानेट म्हणतात.
रंग ओल्या खजुराचा, बॉनेटवर सोनेरी पट्टा,
चाकं नवी, रुंद, तोंड दिसेल अशी,
आणि मागून पाहिलं तर डावी बाजू दोन बोटं खाली,
कमरेवर घागर घेतलेल्या बाईसारखी.

"मला ती जमिनीला टेकलेली हवी," तो म्हणाला.
"बटण दाबलं की बसली, बटण दाबलं की उठली."
हवेच्या पिशव्या. तेराशे, म्हटलं, मजुरी सोडून.
शिवाय टाकी, कॉम्प्रेसर, वायरींचं जाळं,
आणि ऑगस्टच्या उन्हात सुटणारा एखादा जोड.
म्हणजे उंट बसेल, पण उठणं त्याच्या मनावर.
तो हसला.
मग कागदाकडे बघून हसायचा थांबला.

"बरं, मग कॉइलओव्हर?"
पुढचेच सहाशे चाळीस. मागच्यासाठी काय, नवस बोलू?

मी गाडीखाली गेलो.
खरा हिशेब तिथेच होतो,
पाठीखाली पुठ्ठा, दातांत टॉर्च.
डाव्या कमानपाट्याचं तिसरं पान तुटलेलं.
बुशिंगचं रबर नखाने खरवडलं तर शेवेसारखं पडतं.
शॉकअब नावालाच,
तेल गळून गेलेलं, त्यावर वाळूची साय.
जतला हौसाप्पा लोहार पाटे तापवताना म्हणायचा,
पाटा म्हणजे पाठ रे,
वाकली तरी चालेल, बसली नाही पाहिजे.
त्याच्याकडे मी दोन वर्षं फक्त भाता ओढला.

खालूनच विचारलं, नेणार कुठे हिला?
"फेब्रुवारीत समुद्रावर, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला.
आणि थंडीत सालमीला, तंबूवर. लाकडं भरून."
म्हणजे वरातीची घोडी तीच, पाण्याच्या पखाली वाहायलाही तीच.
तो म्हणाला, चार इंच खाली.
मी म्हटलं, दोन.
तो म्हणाला, तीन.
मी कागदाकडे बोट केलं.
दोन.

मागे नवे पाटे, एकशे सत्तर, जोडी.
खाली ठोकळे आणि यू-बोल्ट, पस्तीस.
पुढे आखूड स्प्रिंग पंच्याऐंशीला,
शॉकअब चारही, त्यात घासाघीस नाही.
मग बुशिंग, बॉलजॉइंट,
हे त्याला नको होतं. दिसत नाही ना!
मी म्हटलं, जे दिसतं त्याला लोक टाळ्या वाजवतात,
जे दिसत नाही ते तुला घरी आणतं.
हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.
एखाद्यालाच पटतं.
मजुरी, अलाइनमेंट धरून सहाशे सत्तर.
तीस उरले. त्याने ते दोनदा मोजले.

अकरा दिवस लागले.
एक बोल्ट तर दोन रात्री डिझेल पिऊन बसला,
तिसऱ्या सकाळी आपणहून सुटला,
जणू कुणी त्याची समजूत काढली असावी.

चाचणीला मुतलकने डॅशबोर्डवर इस्तिकान ठेवला,
काठोकाठ काळा चहा.
जमइयासमोरचा उंच स्पीडब्रेकर,
पुढची चाकं चढली, उतरली,
मग मागची.
चहा काठापर्यंत आला,
आत डोकावून परत गेला.
बशीत एक थेंब, बस.
तो काही बोलला नाही.
पुढच्या चौकातून गाडी वळवून
मुद्दाम पुन्हा त्याच स्पीडब्रेकरवर घातली.

मग त्याने मान तिरकी केली.
"ऐक."
मी ऐकलं. खालून काहीच नाही,
ना कुरकुर, ना आपट.
"नाही नाही, इकडे. दाराची काच.
बारीक खडखडते.
आधी कधी ऐकू आली नव्हती."

आधी ऐकू येण्याची सोय कुठे होती?

तो थोडा वेळ गप्प बसला.
मग हळूच,
जणू बायको मागच्या सीटवर आहे,
"त्या तिसांत बसेल?"