नातेलाची किल्ली

त्किबुलीच्या वर, चहाच्या कारखान्यात,
वजनांच्या वह्या आता फ्रँकफर्टला असतात,
कुणाच्यातरी तळघरात, भाड्याच्या सर्व्हरवर.

भाचा म्हणाला, अख्खा डेस्कटॉपच मागव ना,
खिडक्या दिसतील, माउस फिरेल.
मागवला. डोंगरातली लाइन बारीक;
आला तो ठिगळाठिगळाने,
आणि बटण दाबावं तोवर
ते बटण तिथून उठून गेलेलं.

मग नुसता पासवर्ड.
सकाळी लॉग उघडला तर
रात्रीतून चार हजार वेळा
कुणी कडी वाजवून गेलेलं:
अ‍ॅडमिन आहे का? रूट आहे का? टेस्ट?
घरात नसलेल्या माणसांची नावं घेत.

शेवटी तिने किल्ल्यांची जोडी घडवली.
एक तिकडे पाठवली, उघड्यावर, बिनधास्त;
ती कुलपाच्याच जातीची.
दुसरी इथेच, या डबड्या लॅपटॉपमध्ये,
आणि तिच्यावरही परवलीचं एक वाक्य:
लहानपणी तिला पाडणाऱ्या घोड्याचं नाव,
आणि तो का बिथरला ते.
(हे नवऱ्यालाही माहीत नाही.)

पासवर्डचं दार लिंपून टाकलं.
काळी स्क्रीन. एक लुकलुकती रेघ.
मंगळवारची पानं: नऊशे बारा किलो.

"कुठे होतीस इतका वेळ?" शाल्वा विचारतो.
"फ्रँकफर्टला."
"मग जेवून आली असशील."