रकाना सतरावा

सातव्या मजल्यावर, पोटोमॅककडे पाठ करून
आम्ही अजून निवडून न आलेल्या सरकारची
माणसं निवडतो.
धोरणं तयार आहेत. निळ्या फायली,
पहिल्या दिवशीच्या सह्यांच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या.
खुर्च्या तेवढ्या भरायच्या.

रकाना सतरा : तुमची निष्ठा कुणावर?
सगळे एकच नाव लिहितात, ठळक,
कुणी तर दोनदा.

नेब्रास्काच्या ऑर्विल टेस्डालनं लिहिलंय :
आजोबा चाळीस वर्षं प्लॅट नदीची पातळी मोजत.
आठ अध्यक्ष झाले.
नदी किती चढली,
एवढंच ते कळवत.

पोरगा हुशार. टाय उसना असावा,
फोटोत आखूड दिसतोय.

असे अर्ज डावीकडच्या खोक्यात जातात.
टाकला.

रात्री घरी जाताना
पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे
पहिल्यांदाच वाचले.
पाणी चारच्या वर होतं.