तासाला साठ ग्रॅम

दुइतामात सकाळी सातला
दवाखान्याची काच धुक्याने आंधळी असते.
एउदोरो तिबादुइसा सायकल थेट आत घेऊन येतो,
विचारत नाही.
वय अठ्ठावन्न, वीटभट्टीतून निवृत्त,
दर रविवारी पाइपापर्यंत जाऊन परत, वाटेत दोनदा कॉफी.
"डॉक्टरीणबाई, बटाटा बंद करू?"
बटाट्याने तुमचं काय घोडं मारलंय?
रात्रीची बिअर अर्धी करा,
आणि चढाआधी गुळाचं पाणी, आई द्यायची तेच,
फक्त चिमूटभर मीठ टाकून.
तो हिरमुसला. त्याला पावडर हवी होती,
डब्यावर वीज कडाडणारी.

मग तू आलीस, जेरलीन.
एकोणीस वर्षं, शेहेचाळीस किलो,
घड्याळातले सगळे आकडे तोंडपाठ.
वहीत मुंगीसारखं अक्षर:
ओट्स, चाळीस ग्रॅम. अंड्याचा पांढरा भाग.
रात्री: रेघ.
मंगळवारी रेघ. बुधवारी रेघ.
"प्रशिक्षक म्हणतात, आपण हलके झालो की डोंगर वाकतो."
मी विचारलं, पाळी?
तू खिडकीकडे पाहिलंस, जिथे नुसतं धुकं होतं.
"फेब्रुवारीपासून नाही,"
दुसऱ्या कुणाच्या सायकलचं पंक्चर सांगावं तशी म्हणालीस.

माझ्या मांडीच्या हाडात एक भेग आहे,
अठ्ठ्याण्णव सालची, थंडीत बोलते.
ती तुला सांगितली नाही.
लिहीत गेले:
अख्खी अंडी, पिवळ्यासकट. दोन अरेपा, चीज घालून.
सायकलवर तासाला साठ ग्रॅम साखर,
मोठ्या शर्यतीला नव्वद, पण हळूहळू,
पोटालाही पायांसारखा सराव लागतो.
रक्ततपासणी याच आठवड्यात.
आणि रात्रीच्या रेघेवर
भात, मसूर, बटाटा.
"आणि जूनची शर्यत?"
जून दरवर्षी येतो, म्हटलं.
तू वही मिटलीस, जरा जोरातच.

बाहेर एउदोरो अजून चाकात हवा भरत होता.
पानात गुंडाळलेली पेरूची वडी त्याने तुझ्यापुढे धरली,
सायकलवाल्याने सायकलवालीला विचारायचं नसतं.
काचेतून दिसले तुझे हलणारे ओठ:
तीस ग्रॅम, पस्तीस, पस्तीस.
मग वडी जर्सीच्या मागच्या खिशात गेली.

खाल्लीस की नाही, ठाऊक नाही.
सोमवारी वही बघेन.
रेघेच्या जागी काहीतरी लिहिलेलं असू दे,
खोटं का असेना.
तिथून सुरू करू.