मलाक्का

रविवारी पाचच्या सुमाराला तुझा फोन आला, यल्लोजी,
तेव्हा मी घाटाच्या सातव्या पायरीवर होते,
एक चप्पल पायात,
अंगठा तुटलेली दुसरी पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.

"थांब अक्का, नदी दाखवतो," म्हणालास.
आमच्याकडे खानापुरात अजून चांगलं ऊन होतं
आणि माझ्या हातातल्या काचेत एकदम रात्र झाली.
पाण्यात पाय सोडून बसलेली घरं,
लाल, पिवळी, एक तर चक्क जांभळं.
मसाल्याची गलबतं लागायची म्हणालास ह्या भिंतीला,
आता भिंतीवर चित्रं, खाली आइस्क्रीमवाला,
आणि काठाकाठानं फरसबंद वाट,
माणसं नुसती चालताहेत,
कुणाच्या डोक्यावर धुण्याचं बोचकं नाही.

मग कठडा.
कठड्यावर तू फोन जरा जास्तच वेळ धरलास.
"ह्या पुलापासनं त्या झाडापर्यंत
सगळे सांधे माझे, अक्का."
छान आहेत रे. बोट फिरवलं असतं तर अडलं नसतं.
आईच्या सांध्यांचं मात्र तू विचारलं नाहीस,
मीही काढलं नाही.

त्या गावाचं नाव तू पहिल्यांदा सांगितलंस
तेव्हा विमानतळावर गोंगाट होता,
मला ऐकू आलं, मला, अक्का.
जत्रेतनं आणलेला नारळ फोडला की
वाटीकडे हात करून तू हेच म्हणायचास,
मला, अक्का, मला.
मोठी वाटी तुलाच जायची.
चार वर्षं झाली, नकाशात ते गाव मी अजून शोधलेलं नाही.

"आता तू दाखव."

काय दाखवू?
पाटी दाखवली. वरची ओळ कानडी,
खालच्या ओळीवर डांबर,
ऊन तापलं की डांबर सुटतं आणि 'घा' तेवढा वर येतो.
कुणी फासलं विचारू नकोस,
फासणारी आणि खरवडणारी, दोन्ही पोरं
इनासच्या टपरीवर एकाच बाकड्यावर चहा पितात.
पाणी दाखवलं. मलप्रभा ह्या दिवसांत गुडघाभर,
पलीकडच्या काठाला कौलांच्या खापऱ्या,
मध्ये एक बगळा, कंटाळलेला.

निंगव्वा धुणं आपटत होती.
"यारव्वा?" म्हणाली.
"तम्म," म्हटलं.
ओला हात तसाच हलवत ती फोनकडे ओरडली,
"ऊट आयता?"
आणि तू, त्या दिव्यांच्या गावातनं,
एका क्षणाचाही विचार न करता, "आयत्रि!"
तुझी मराठी तिकडे थोडी वाळलीय,
कानडी अजून ओली आहे, गंमतच.

मग मी फोन खाली वळवला
आणि तू म्हणालास, "नको, ते नको दाखवू."
तीन फूट उरलाय तो.
बाकीचा गेल्या खेपेच्या पुरानं नेला.
सोळा वर्षांचा होतास, पट्टण पंचायतीचं पहिलं काम,
चष्मा दुसऱ्याचा, हात भाजलेला,
सांधा असा फुगलेला जसा गुळाचा खडा.
इंजिनियर हसला होता. बिलातनं दोनशे कापले.
तू आठ दिवस ह्या बाजूला फिरकला नाहीस.

"गंजलाय की गं."
गंजलाय.
पण बघ ना, मी काही बोलत नाहीये, नुसतं बघ.
निंगव्वानं धुणं पिळलं, बादलीत टाकलं,
एक हात कमरेवर ठेवला,
दुसऱ्यानं बरोबर तुझा तो गुळाचा खडा धरला
आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून उठली.
रोज उठते.

तू गप्प.
तिकडनं कुणाच्या तरी हसण्याचा आवाज,
बोटीचा भोंगा.
मग म्हणालास, "अक्का, एक पाय अनवाणी का तुझा?"

रविवार आहे रे.
चांभार बसत नाही.